सोजराबाईचा उकंडा

जळगाव जामोदला कुळकथा परिषद भरणार अशी दवंडी फिरली आणि तालुक्यातल्या घराघराला आपले पूर्वज एकदम आठवले. माळ्यावर गंजत पडलेल्या तलवारी खाली आल्या, चिंच लावून घासल्या गेल्या. ज्यांच्याकडे तलवार नव्हती त्यांनी पणजोबांची म्हणून एक काठी शोधून काढली आणि तिला तेल पाजलं. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडून नागपुराहून चालायला लागल्यापासून बऱ्या बऱ्या घरांत एखादा तरी शिकलेला पोरगा निपजला होता, आणि शिकलेल्या पोराला आपण फार जुन्या घराण्यातलं असावं अशी भारी हौस असते.

परिषदेचा बेत साधा होता. प्रत्येक घराण्यानं एक माणूस उभा करायचा. त्यानं कागद न बघता आपल्या कुळाची कथा सांगायची. कथा संपली की त्या कुळातल्या वडीलधाऱ्या माणसाला मंचावर बोलावून अध्यक्ष त्याच्या खांद्यावर शेला घालणार. पळसखेडच्या पाटलांतर्फे उकंडरावांनी बोलावं असं भावकीत ठरलं. त्याला कारण एकच, भावकीत दुसऱ्या कोणाला न खाकरता सलग बोलता येत नव्हतं. उकंडराव मात्र पारावर बसून गोष्ट सांगायला लागले की पाणी भरायला निघालेल्या बायासुद्धा रिकामी घागर कमरेवर घेऊन उभ्या राहायच्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग परिषदेची छापील पत्रिका आली आणि उकंडरावांनी ती उन्हात धरून वाचली.

"हा उदयराव कोण हाये बे?"

"तुम्हीच, मोठेबाबा," उत्तमराव म्हणाला. उत्तमराव हा त्यांच्या धाकट्या चुलतभावाचा मुलगा. नागपूरला वकिली शिकत होता आणि सुट्टीत घरी आला की घरच्यांशीही छापील भाषेत बोलायचा. "मीच नाव कळवलं. परिषदेला तहसीलदारसाहेब येणार, मोठमोठी माणसं येणार. उकंडराव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उकिरडा येतो."

"आला पायजे," उकंडराव म्हणाले. "मी तथूनच तं आलो."

उत्तमराव हसला. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं हसण्यावारी न्यायची त्याला सवय होती. उकंडराव हसले नाहीत. ते नाव त्यांना ज्या बाईनं दिलं होतं तिची चारचौघांत वागवता येईल अशी तेवढी एकच खूण त्यांच्याकडे होती, आणि ती आता पुतण्यानं पुसून वर दुसरंच नाव छापून आणलं होतं.

गोष्ट अशी होती. उकंडरावांच्या आधी त्यांच्या आईची, कौशल्याबाईंची, चार मुलं पाळण्यातच गेली. अशा घरात पुढचं पोर झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. सटवाईला वाटावं, हे पोर आईबापालाच नकोसं आहे, ह्याला नेऊन काय करायचं. मग आधी ठरवून ठेवलेली एखादी बाई तिथून सहज गेल्यासारखी जाते, "अवो, हे कोनाचं लेकरू" म्हणत पोर उचलते, आणि आई पदर पसरून तिच्याकडून ते मागून घेते. पोराचं नाव पडतं उकंडा, आणि उचलणाऱ्या बाईला पुढं त्याच्या लग्नात आईच्या बरोबरीनं लुगडं नेसवतात.

पाटलांच्या घरात सांगत ते असं, की उकंडाला त्याच्या आत्यानं, अन्नपूर्णाबाईनं उचललं. लग्नात लुगडंही तिलाच नेसवलं. ती बिचारी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की त्या दिवशी आत्याबाई नटत बसल्या आणि त्यांच्या आधी उकिरड्यावर पोचली ती सोजरा. तुळशीराम मळेवाल्याची नवी नवरी. शेणखत भरायला टोपलं घेऊन आली होती. पोर दिसलं, ते टोपल्यात घातलं आणि थेट मळ्यात घेऊन गेली. येडीला रीत समजलीच नाही, खरंच कोणी टाकून दिलं असं वाटलं तिला, असं लोक म्हणायचे आणि हसायचे. मोठ्या घराला मात्र हसू आलं नाही. पाटलाचं पोर मळेवालीनं पळवलं, ही काय सांगायची गोष्ट होती?

पोर परत आलं तेव्हा पाटलांनी, म्हणजे उकंडरावांच्या बापानं, सोजराला बजावून ठेवलं होतं: चारचौघांत त्याला नावानं हाक मारायची नाही, पोर आपण उचललं असं बोलायचं नाही. सोजरानं ते पाळलं. बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या ढिगामागून ती "काय देऊ, पाटील?" असंच विचारायची. पण मळ्यात, विहिरीपाशी, आसपास कोणी नसलं की तीच बाई म्हणायची, "काऊन सुकला बे उकंडा? बस, भाकर खा." आणि तेव्हा उकंडरावही तिला माय म्हणायचे. बाजारात सोजराबाई, मळ्यात माय. असं करता करता उकंडरावांच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

तुळशीराम गेला. सोजराला पोटचं मूल झालं नाही. आता तीही पिकलं पान होती. आपल्या हयातीत आणि तिच्याही हयातीत, चारचौघांत एकदा तिचं नाव घ्यायचं, तिचा मान तिला द्यायचा, एवढ्याचसाठी उकंडरावांनी परिषदेत बोलायला होकार दिला होता.

भावकीत सगळ्यांत वडील होते पंजाबराव. त्यांना वास लागला. एका सकाळी ते काठी आपटत आले.

"आयकून राह्यलो का तू सोजरीचं नाव काढणार हायेस."

"कोनं सांगतलं?"

"तुह्या तोंडावर लिहेल हाये. कान उघडे ठेवून आयक. पूर्वज सांग, इनाम सांग, अन्नपूर्णा आत्याचं नाव घे अन् खाली बस. मळेवालीचं नाव मांडवात निघालं, तं पोळ्याची मानाची जोडी यंदापासून तुह्या दारातून निघणार नाही. समजलं?"

मानाची जोडी जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या दारातून ती निघते त्यालाच कळतं. तोरणाखालून पहिले बैल आपले जातात, मग गाव जातं. उकंडरावांच्या बापानं, आज्यानं ती जोडी काढली होती. त्या सकाळी उकंडराव गोठ्यात जाऊन बैलाच्या वशिंडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

परिषदेचा मांडव कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या आवारात पडला होता. उत्तरेला सातपुडा निळा उभा होता आणि मांडवात त्या सातपुड्यातले वाघ धडाधड मरत होते. दर घराण्याच्या दर पूर्वजानं निदान एक वाघ मारलेला होता, कोणी भाल्यानं, कोणी कुऱ्हाडीनं, एकानं तर नुसत्या घोंगडीनं. जेवणवेळ जवळ येईपर्यंत इतके वाघ पडले, की मागं बसलेल्या एकानं विचारलं, "मंग आमचे गोऱ्हे खाऊन जाते तो कोन हाये बे?" अध्यक्ष अर्जुनराव म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि घंटी वाजवली.

मांडवामागं आचारी रोडगे भाजत होता आणि वांग्यांची भाजी रटरटत होती. ती वांगी सोजराबाईच्या मळ्यातली. ती पोचवायला म्हणून सोजराबाई बैलबंडीतून आली होती. "आलीच हायेस तं बस बायांमंधी," असं उकंडरावांनी तिला हळूच सांगितलं होतं, आणि ती बायांच्या बाजूला कनातीला टेकून बसली होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पत्रिकेत काय छापलंय, हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

अध्यक्षांनी पत्रिका उचलली. "पळसखेडचे पाटील घराणे. श्रीयुत उदयराव."

उकंडराव बसून राहिले.

त्यांनी तसं काही ठरवलं नव्हतं. उठायचं, मंचावर जायचं आणि मग नाव दुरुस्त करायचं, असा त्यांचा बेत होता. पण ते नाव कानावर पडलं आणि त्यांचे पायच उठेनात. उदयराव नावाच्या माणसाला कोणी उकिरड्यावरून उचललेलं नव्हतं. त्या माणसासाठी उकंडराव का उठतील?

"श्रीयुत उदयराव!"

"मोठेबाबा, उठा ना!" उत्तमराव त्यांची बाही ओढू लागला.

"मले कुठं बोलावलं?"

पुढच्या रांगेत पंजाबराव नवी पगडी सावरत मागं वळून डोळे वटारू लागले. तहसीलदारांनी घड्याळ काढलं. अध्यक्षांनी तिसऱ्यांदा नाव पुकारलं, मग मान हलवली आणि पुढच्या घराण्याचं नाव शोधायला पत्रिका उलटली. संपलं, असं उकंडरावांना वाटलं. आपल्या हट्टापायी तिचं नाव आता मांडवात निघणारच नाही.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला. जन्मभर भरल्या बाजारात वांगी विकलेला आवाज होता तो, त्याला मांडव काय पुरणार?

"ओ उकंडा! उठ बे! कवापासून बसून राह्यला? भेला का?"

मांडवात हसण्याचा लोट उठला. सोजराबाईनं जीभ चावली, पदर तोंडावर ओढला. इतक्या वर्षांचा शब्द मोडला होता तिचा, आणि कशानं, तर पोर घाबरलं असं वाटल्यानं. उकंडराव ताडकन उभे राहिले.

"आलो, माय!" ते ओरडले आणि मंचाकडे निघाले.

मंचावर चढून त्यांनी पागोटं नीट केलं. पंजाबरावांकडे बघितलं, मानाच्या जोडीला मनातल्या मनात हात जोडले आणि बोलायला लागले.

"मंडळी, उदयराव आज आले नाहीत. मी उकंडा. आमच्या कुळात बी कोणी वाघ मारला असन, मी नाही पाह्यला. मी सांगतो ते माह्या जल्माची गोष्ट हाये, कारण मी नसतो तं पळसखेडच्या पाटलाचं कुळ अथीच थांबलं असतं. माह्या मायची आंधीची चार लेकरं गेली होती. पाचवा मी. मले सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. या मांडवात माह्यासारखे किती हायेत? लाजू नका. कोन धोंडू हाये, कोन कचरू हाये, कोन फकिरा हाये?"

आधी मागचा वाघाची चौकशी करणारा उठला. "मी दगडू!" मग इकडून एक, तिकडून दोन. "कचरू, आसलगावचा!" "मी बी उकंडा!" आपलं नाव असलं आहे म्हणून कोपऱ्यात बसणारी माणसं उभी राहून एकमेकांकडे बघून हसायला लागली. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि घंटीवर हात ठेवून म्हणाले, "घरी मलाही धोंडूच म्हणत. बोला, उकंडराव."

आता उकंडरावांना कोण अडवणार? आत्याबाईंचं नटणं त्यांनी असं रंगवलं, की बाया पदरात तोंड लपवून हसल्या. नवी नवरी टोपलं घेऊन आली, पाटलाचं पोर शेणखतासारखं उचलून घेऊन गेली, तिला बिचारीला रीत समजलीच नाही, हे सांगताना तर त्यांनी डोक्यावर टोपलं घेऊन पळण्याची नक्कलही केली. मांडव हसून लोळला.

"मंग आमच्या घरून एका पोट्ट्याले पाठवलं, जा, पोर घेऊन ये. सोजरा मायनं काय केलं? खुरपं उचललं. पोट्टा जो पळाला, तो घरी येईपर्यंत मांगं पाह्यलं नाही त्यानं!"

"कोन होता बे तो भेकड?" दगडू ओरडला.

"नाव काऊन सांगू? जुनी गोष्ट हाये."

पुढच्या रांगेत पगडी हलली. पंजाबराव रागानं लाल झाले होते.

"भेकड कोनाले म्हणता?" ते उभे राहून गरजले. "तो मी होतो! अन् मी पळालो नाही. खुरपं लागलं मले, म्हणून मांगं आलो. हे पाहा!" आणि त्यांनी तहसीलदारांच्या देखत धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि नडगीवरचा वण दाखवला.

मांडवात टाळ्या कडाडल्या. पंजाबराव थोडा वेळ त्या टाळ्या ऐकत ताठ उभे राहिले आणि मग आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. भावकीच्या सगळ्यांत वडील माणसानं भर परिषदेत साक्ष दिली होती. नडगीसकट.

उकंडरावांचा आवाज उतरला. "शेवटी माही माय स्वता गेली. पायात काही नाही, बाळंतपणाचं अंग. मळ्यात जाऊन पदर पसरला. सोजरा माय म्हणली, देतो, पण नाव मी ठेवीन. अन् तिनं उकंडा ठेवलं. तेच नाव घेऊन मी तुमच्यापुढं उभा हावो. ज्यानं कोनं दुसरं छापलं, त्यानं माही माय खोडली."

उत्तमरावनं मान खाली घातली. नागपूरला त्याला बरंच शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं.

अध्यक्षांनी शेला हातात घेतला. "आपल्या कुळाचे वडील?"

पंजाबराव उभेच होते. ते सवयीनं मंचाकडे दोन पावलं चालले.

"दादा, तुमची माफी मागतो," उकंडराव म्हणाले. "हा मान माह्या लग्नात जिचा राह्यला, तिचा हाये. पोळ्याची जोडी तुम्ही आपल्या दारातून काढा, माही ना नाही."

सगळा मांडव पंजाबरावांकडे पाहत होता. त्यांनी एकदा नडगी चोळली. "तुह्या दारातून निघते तथूनच निघन," ते गुरगुरले. "बोलाव तिले. खुरपं घेऊन येऊ नको म्हणाव."

सोजराबाईला बायांनी ढकलत ढकलत मंचावर आणलं. हातापायांना वांग्याच्या शेतातली माती तशीच होती. अध्यक्षांनी तिच्या खांद्यावर शेला घातला. तिनं आधी त्याचा काठ बोटांत धरून पाहिला, मग तो सारखा केला. उकंडरावांनी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा मांडवातल्या कितीतरी पुरुषांनी उपरणी डोळ्यांना लावली.

"आजी," अध्यक्ष म्हणाले, "दोन शब्द बोला."

"दोन काऊन?" सोजराबाई म्हणाली. "यानं अर्धं चुकीचं सांगतलं. बसा सारे. मी सांगतो."

रोडगे झाले असं सांगायला आलेला आचारी तिथंच खाली बसला.

"हा म्हणते मले रीत समजली नाही. मी काय येडी होती? नवं कोरं सूप. खाली धुतलेलं फडकं. गालाले काजळाची तीट. टाकून देल्लेल्या पोराले कोन तीट लावते बे? समजलं मले, पाटलाच्या घरचे सटवाईले फसवून राह्यले. मी बाजूले उभी राह्यली. म्हटलं, येईन कोणी उचलाले. कोणी येईना. ऊन चढलं. पोट्टं रडून रडून निळं पडलं. अन् मले ओसरीत दिसली अन्नपूर्णाबाई. हातात आरसा, नथ घालून राह्यली."

कोणीतरी हसलं. सोजराबाई हसली नाही.

"मले बी आंधी हासू आलं. मंग भेव वाटलं. म्हटलं, अशी नटून-थटून बाई पोर उचलाले आली, तं सटवाई काय आंधळी हाये? तिले समजन का हे सोंग हाये. चार लेकरं नेली तिनं. हे बी नेईन. कोणीतरी खरंच नेलं पायजे होतं. म्हणून मी टोपल्यात घातलं अन् पळाली. लोक मले येडी म्हणले, चोट्टी म्हणले. म्हटलं, म्हणा. मी खरं सांगतलं असतं तं ते बी सोंगच झालं असतं, नाही का? सटवाई आयकून राह्यली असती."

उकंडराव तिच्याकडे बघतच राहिले. आत्ताच या मंचावर त्यांनी तिच्या अडाणीपणाची नक्कल करून माणसं हसवली होती. जन्मभर ते समजत होते, की एका चुकीमुळं आपण जगलो. ती चूक नव्हती. आपल्याला वाचवायला ती मुद्दाम येडी झाली होती, आणि आपली मिशी पांढरी होईस्तोवर येडीच राहिली होती.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "पण आजी, मग पोर परत देण्याचा विचार तुमच्या मनात होता की नव्हता?"

सोजराबाईनं शेला डोक्यावरून पदरासारखा घेतला.

"त्याची माय अनवाणी आली म्हणून देल्ला," ती म्हणाली. "बाप आला असता तं देल्ला नसता."

मांडव असा काही गरजला, की जिनाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. दगडू, कचरू, धोंडू, फकिरा, सगळे उभे राहून तिच्या नावानं ओरडत होते, आणि पंजाबराव काठी आपटत सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. उकंडराव मंचावर लहान पोरासारखे हमसून रडत होते आणि मधेच हसत होते.

"डोये पूस बे उकंडा," सोजराबाई म्हणाली. "लोक पाहून राह्यले."

या वेळी ती मुद्दाम मोठ्यानं बोलली.